चादरींचे तंबू

आमचे हे लाँड्रीवाले. लेकीला वाढदिवसाला तंबू हवे होते, तर ह्यांनी गिऱ्हाइकांच्या धुतलेल्या चादरी दोरीवर टाकून घरातच छावणी उभारली. मी म्हटलं, "अहो, कुणी ओळखली तर?" तर म्हणे, "उद्या पुन्हा धुऊन देऊ, कुणाला कळतंय?"

पोरं टॉर्च घेऊन आत शिरली आणि शेजारणीचा मुलगा ओरडला, "आई, ही आपली चादर! हा बघ माझ्या शाईचा डाग!"

चादर अजून वाळली नाही, असं ह्यांनी सकाळीच शेजारणीला सांगितलं होतं. ती हसून म्हणाली, "असू द्या हो, खेळू दे मुलांना." मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

लेक ह्यांच्याजवळ गेली. अंगातला नवा फ्रॉक चिमटीत धरून तिने हळूच विचारलं, "बाबा, हा तरी माझाच आहे ना?"