स्ट्रेची धाग्याचा टॉप आणि नणंदेचा वाढदिवस

मैत्रिणींनो, आत्ताच नणंदेच्या सोसायटीतून, बेव्हर्ली पार्कहून, घरी आलेय.

आज तिचा, स्नेहलचा, वाढदिवस होता. तिच्यासाठी मी क्रोशाचा टॉप विणला होता. धागा स्ट्रेची होता. गेजसाठी, म्हणजे ठरावीक मापात किती टाके बसतात ते बघायला, छोटा चौकोन विणून टेबलावर टाके मोजले, पण तो धुऊन, टांगून बघितलाच नाही. स्नेहलने ड्रेसवरच टॉप चढवला आणि तो स्वतःच्या वजनाने पार गुडघ्यापर्यंत ओघळला.

तिची मैत्रीण म्हणाली, "भाभी, ये तो नाइटी है."

सगळे हसले. मी म्हटलं, "दे, नीट करून आणते."

"कशाला वहिनी, मीच करते." स्नेहलने टॉप काढला, कात्रीने शेवटची गाठ कापली आणि धाग्याचं टोक मैत्रिणीच्या हातात दिलं. ती ते ओढत हॉलभर फिरली. माझ्यासमोर अख्खा टॉप उसवला. लोक मोबाईलवर व्हिडिओ काढत होते.

त्यांच्यात माझा नवराही होता.

स्ट्रेची धाग्याचं गेज तुम्ही कसं मोजता, ते सांगा. आणि घरचंच माणूस असं हसलं, तर त्याच्याशी काय बोलता, तेही सांगा. नवरा बाहेर बसून विचारतोय, जेवायला काय आहे.