जे येणार नाहीत, त्यांच्याकडे आधी

सकाळी साडेआठला शबानाचा फोन आला. "काका, अब्बा गेले," एवढंच ती म्हणाली. हमीदभाई मुल्लांना जाऊन आता सहा आठवडे झाले. शाहूपुरीतला हा निवृत्त सर्व्हेअर कोल्हापुरात फारसा कुणाला माहीत नव्हता. कोकणातल्या एका बंदराच्या गावात मात्र त्यांच्यामुळे अख्खा कोळीवाडा वाचला होता, आणि ते त्यांनी स्वतः कधीच मान्य केलं नाही...

तिथल्या नगरपालिकेत ते सर्व्हेअर, मी कारकून. दोघंही कोल्हापूरचे, म्हणून खोलीही एकच. दर मे महिन्यात चक्रीवादळाच्या तयारीची बैठक व्हायची. होड्या, दोर, बॅटऱ्या, सगळं कागदावर असायचं. लोकांना हलवायची जागा म्हणून बंदरालगतची शाळा ठरलेली. एका वर्षी हमीदभाईंनी विचारलं, वादळाबरोबर समुद्र चढतो तेव्हा पाणी कुठवर येतं, हे कुणी मोजलंय का? कुणीच मोजलं नव्हतं. तयारी होती ती वाऱ्याची. पाण्याचा विचारच झाला नव्हता.

पुढचे चार रविवार आम्ही लेव्हलचं यंत्र खांद्यावर घेऊन कोळीवाड्यात हिंडलो. पार्वतीआजी नावाच्या म्हातारीनं, तिच्या लहानपणीच्या वादळात पाणी कुठवर आलं होतं, ते देवळाच्या भिंतीवर हात ठेवून दाखवलं. मोजून बघितलं तर शाळेचं जोतं त्या खुणेपेक्षा पुरुषभर खाली. म्हणजे माणसांनी जीव वाचवायला जिथं जमायचं, तीच जागा आधी बुडणार. हमीदभाईंनी अहवाल दिला. 'नोंद घेतली' असा शेरा मिळून तो फायलीत गेला. मग ते स्वतःच टेकडीवरच्या कॉलेजच्या प्राचार्यांना भेटले आणि वेळ आली तर हॉल उघडायचा शब्द घेऊन आले.

दोन वर्षांनी वादळ आलं. पालिकेनं शाळाच जाहीर केली. हमीदभाई मला सोबत घेऊन, भोंगा लावलेल्या रिक्षातून कोळीवाड्यात शिरले आणि सगळ्यांना टेकडीवर चला म्हणून सांगू लागले. मुख्याधिकाऱ्यांनी फोनवर विचारलं, लेखी आदेश आहे का?

"न्हाय साहेब. मेमो उद्या द्या, आज माणसं वर नेतो," म्हणाले आणि फोन ठेवला.

दुपारपर्यंत कोळीवाडा रिकामा झाला. पार्वतीआजी तेवढी हलेना. कोंबड्या झाकून येते, तू बाकीच्यांना ने, असं तिचं चाललं होतं. हमीदभाईंनी तिला शेवटच्या फेरीसाठी ठेवलं. त्या फेरीला रिक्षा वळणावरच थांबली. पुढे गल्लीत छातीभर पाणी. ते उतरून पाण्यात शिरले. मी आणि रिक्षावाल्यानं धरून त्यांना मागं ओढलं. शाळेत पाणी फळ्याच्या वर गेलं होतं, पण तिथं कुणी नव्हतं. आजी तिसऱ्या दिवशी सापडली.

आधी कारणे दाखवा नोटीस आली, मग ती मागे घेऊन सत्कार ठरला. हमीदभाई गेले नाहीत. मी खोलीवर समजूत घालत बसलो. शेवटी ते म्हणाले, "दत्ता, ज्यास्नी यायचं हुतं ती आलीच असती की रं. जी येणार न्हवती, तिच्याकडं मी आधी जायला पायजे हुतं."

निवृत्तीनंतर ते शाहूपुरीत, ओढ्याजवळच्या घरी परतले. पंचगंगा फुगली की ओढ्याचं पाणी मागं लोटतं आणि त्यांच्या गल्लीत शिरतं. पावसाळ्याआधी ते घरोघर फिरायचे. कोण अंथरुणाला खिळलंय, कोण घर सोडायला राजी नसतं, ते त्यांना ठाऊक होतं. अशांच्या दारात बसून ते चहा घ्यायचे, गप्पा मारायचे आणि निघताना विषय काढायचे. पाणी दारात आल्यावर वाद घालायला वेळ नसतो, असं त्यांचं म्हणणं. शेवटची दोन वर्षं गुडघ्यांनी साथ सोडली आणि हे फिरणं बंद झालं.

चाळिसाव्याला मी घरी गेलो, तेव्हा शबानानं कपाटाचं दार उघडून दाखवलं. आतल्या बाजूला एक यादी चिकटवलेली होती. आठ नावं, प्रत्येकापुढे कारण. पहिली ओळ अशी होती: 'हमीद मुल्ला. जिना चढता येत नाही. घर सोडायला तयार होणार नाही. आधी इथे यावे.' आणि आठ नावं संपल्यावर सगळ्यात खाली, 'यांनी जावे' असं लिहून माझं नाव, फोन नंबर. मला ते याबद्दल एका शब्दानं बोलले नव्हते.

शबानानं पेन्सिल घेतली आणि पहिल्या ओळीवर हलकीशी रेघ मारली. उरलेल्या सातांपैकी पाच घरी मी आतापर्यंत जाऊन आलोय. दोघं राजी झाले. तिघांनी चहा पाजला आणि बघू म्हणाले... त्यांच्याकडे परवा पुन्हा जाणार आहे.