साडेनऊ फुटांचा पंचनामा

अजगर बाळगायला कायद्यानं बंदी होतीच. ती आता कडक पाळा, असं नव्वदच्या दशकात वरून पत्र आलं, तेव्हा मी वर्ध्याला वनखात्यात कारकून होतो. देवळीच्या बाजारात एक म्हातारा गारुडी अजगर घेऊन बसायचा आणि लोक तो गळ्यात घालून फोटो काढायचे. आम्ही जीप घेऊन गेलो आणि दोघांनाही ऑफिसात आणलं.

पंचनाम्यात लांबी लिहावी लागते. टेप माझ्या हातात होता, पण अजगर वेटोळं सोडेना. शिपाई भिंतीला चिकटून उभे, साहेब दारात. शेवटी गारुडीच उठला. म्हणाला, "काऊन घाबरून राह्यले साहेब? मी धरतो, तुमी मोजा." त्यानं पाठीवरून हात फिरवत नेला, तसा अजगर सतरंजीवर सरळ झाला. साडेनऊ फूट भरला.

आरोपीनंच पुरावा धरून ठेवला, असं काही लिहिता येत नव्हतं. 'पंचांसमक्ष मोजमाप केले', असं मी लिहिलं. खाली त्यानं अंगठा दिला.

आता अजगर जंगलात न्यायचा, तर आधी पोत्यात भरायला हवा. आम्ही सगळे पुन्हा गारुड्याकडेच पाहू लागलो. त्यानं तेही करून दिलं. पोत्याचं तोंड बांधलं आणि सुतळीचं टोक माझ्या हातात देत म्हणाला, "गाठ ढिली ठेवली हाये. सोडताना मी नसीन ना तिथं."