गजाननची नजर

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही. आज का सांगतोय — तेही मला नीट उमगलेलं नाही.

गजानन माझा शाळासोबती. डोंबिवलीत स्टेशनजवळ आमचा दोघांचा फोटो स्टुडिओ होता. फोटो बहुतेक तो काढायचा; फिल्म धुणं आणि दुरुस्ती माझ्याकडे. दुसरी मोठी लढाई संपल्यावर कल्याणच्या लष्करी छावणीतलं सामान विकायला निघालं, त्यात आम्हाला वर्तमानपत्रवाले वापरत तसला एक मोठा प्रेस कॅमेरा मिळाला. दणकट होता. पण उभा फोटो घ्यायचा तर ते अख्खं धूड कुशीवर वळवावं लागे.

गजानन म्हणाला, "फिरत्या पाठीचं मॉडेल मिळतं, नुसती मागची बाजू वळते, ते घेऊ या."

मी म्हणालो, "कशाला? ह्याचीच पाठ फिरती करतो की."

केली. महिनाभर खपून, सागाची चौकट कापून, तीत मागची काच बसवून. लोक मुद्दाम बघायला यायचे. मला — खोटं कशाला बोलू — फार बरं वाटायचं.

मग गजाननचे फोटो पुसट यायला लागले. काळ्या कापडात डोकं घालून तो मागच्या काचेवर — फोटो घेताना फिल्म नेमकी तिच्याच जागी यायला हवी — चित्र अगदी रेखीव करून घ्यायचा, तरीही. माझे मात्र स्वच्छ यायचे. मी काचेत बघतच नसे. बाजूच्या रेंजफाइंडरवरून, म्हणजे अंतर मोजायच्या भिंगावरून, अंतर जुळवायचो, आणि तो मी नव्या पाठीनंतर फिल्मवर फोटो काढून जुळवून घेतला होता.

"माझी नजर अधू झाली वाटतं रे," तो एकदा म्हणाला.

"दाखवून घे एकदा" — एवढंच म्हणालो. बारीकसा नंबर निघाला. त्याने चष्मा केला.

तो चष्मा लावून त्याने कल्याणला धाकट्या बहिणीच्या, कुसुमच्या लग्नाचे फोटो काढले. सगळे पुसट. कुसुमचे नाकडोळेसुद्धा धड ओळखू येईनात. त्याच्या वडिलांनी एकेक फोटो डोळ्यांजवळ नेऊन पाहिला आणि खाली ठेवला. त्यानंतर गजाननने कॅमेऱ्याला हात लावला नाही. ठाण्याला एका कचेरीत चिकटला. स्टुडिओ माझा एकट्याचा झाला.

मला तो एकट्यालाच हवा होता का? तसं वाटत नाही — पण नक्की नाही सांगता येत. घाबरलो होतो? कुणाला? गजानन तर रागावलाही नसता. हसला असता, आणि नवा कॅमेरा घेऊ म्हणाला असता. पुढे तसला कॅमेरा मी घेतलाच. मग तेव्हा का नाही बोललो? इतकी वर्षं उलटसुलट विचार करतोय, गुंता सुटत नाही.

गजानन अजून भेटतो. "डोळ्यांनी दगा दिला, नाहीतर मीही फोटोग्राफरच," असं लोकांना सांगतो. मी शेजारी उभा असतो.

त्याचे डोळे चांगले होते. मी बसवलेली काच फिल्मच्या जागेपासून दोन पोस्टकार्डांच्या जाडीएवढी सरकलेली होती. ते मी मोजून पाहिलं होतं — कुसुमच्या लग्नाच्या आठ दिवस आधी. आणि लग्नाच्या सकाळी कॅमेरा मीच त्याच्या हातात दिला.