ओवीच्या दोन वेण्या

विनितावहिनींच्या अंगात येतं, ही बातमी श्रावणाच्या पहिल्याच आठवड्यात ए विंगमधून निघाली आणि लिफ्ट बंद असूनही वरच्या मजल्यापर्यंत पोचली. शेजारच्या शकूमावशींनी स्वतःच्या कानांनी ऐकलं होतं. भर दुपारी, घरात दुसरं कुणी नसताना, वहिनी ओरडत होत्या, "मला हात लावू नका! मी जळतेय!" मावशी लगोलग लिंबू घेऊन दारात हजर.

अंगात वगैरे काही आलं नव्हतं. गणपतीतल्या नाटकाचे संवाद वहिनी मोठ्याने म्हणून बघत होत्या. त्यांचं माहेर समुद्रकाठच्या करंजाचं, भावाची मासेमारीची होडी. तिथून सुकट-बोंबील आणून पनवेलभर ऑर्डरी पोचवायच्या, हा त्यांचा धंदा. श्रावणात अख्खी सोसायटी सोवळी होते, बोंबलाला कुणी विचारत नाही, म्हणून वहिनी दर श्रावणात नाटक लिहितात. आजवरची सगळी हसवणारी. यंदाची नायिका मात्र ओवी, दहावीतली, डिप्रेशन असलेली.

पहिल्या खर्ड्यात ही ओवी केस मोकळे सोडून किंचाळत होती, भांडी फेकत होती. वहिनींनी तो मोठ्या हौसेने दिपिकाला वाचून दाखवला. दिपिका म्हणजे भावाची मुलगी, कॉलेजसाठी आत्याकडेच राहते. ती स्वतः डिप्रेशनच्या गोळ्या घेते आणि लपवत नाही. मावशींनी एकदा दबक्या आवाजात चौकशी केली, तर म्हणाली, "तुमची बीपीची, माझी ही. बदलून घ्यायची का?"

खर्डा ऐकून ती म्हणाली, "आत्या, ही मुलगी नाही, हडळ आहे."

"मग आजारी मुलगी करते तरी काय?"

"काहीच नाही. तोच तर त्रास. वेण्या घालते, शाळेत जाते, जोक मारते. घरी आल्यावर साधे मोजे काढणं होत नाही तिच्याच्याने. आणि घरचे म्हणतात, मोबाईल बघणं मात्र बरं जमतं गं!"

हे वाक्य घरच्यांपैकी कुणाचं, ते वहिनींनी विचारलं नाही. विचारायची गरजच नव्हती, ते त्यांचंच होतं.

"आणि आत्या, शेवटी ती ठणठणीत बरी होणार असेल, तर मी बघायला येणार नाही. मी अजून झाले नाहीये."

वहिनींनी खर्डा फाडला. दवाखान्यातल्या समुपदेशक बाईंना भेटून आल्या (त्याचीही बातमी झाली, ते सोडा), दिपिकाला दहादा विचारलं, आणि ओवी पुन्हा लिहिली.

तालीम बघून मंडळाचा अध्यक्ष कल्पेश हवालदिल झाला. "वहिनी, ती आजारी आहे हे पब्लिकला कळणार कसं? केस तरी सोडा! आणि शेवटी आरती घ्या. घंटा, कापूर, ओवी खुदकन हसते, पडदा. टाळ्याच टाळ्या!"

"नाही."

"मग नाटक कॅन्सल. पैठणीचा खेळ ठेवू."

"ठेवा की. माईक कोण धरणार? दरवर्षी मीच धरते."

कल्पेशने नाटक ठेवलं.

प्रयोगाच्या संध्याकाळी घोळ घातला तो शकूमावशींनी, तोही मायेपोटी. मेकअप त्यांच्याकडे. वहिनी पडद्यामागे येऊन बघतात तो काय, ओवीचं काम करणारी रोशनी केस पिंजारून, गालांवर काजळ ओघळवून, कपाळभर कुंकू फासून तयार!

वहिनी चिडल्या की त्यांच्या तोंडी करंजाची बोली येते. "अगो बाय! मावशी, ही शालंतली हाय का मसनातली?"

"अगं, आजारी दिसायला नको?"

"फणी द्या. आणि ओलं फडकं."

बाहेर कल्पेश माईकवरून 'थोड्याच वेळात' म्हणून म्हणून थकला. शेवटी पडद्याआत डोकं घालून म्हणाला, "वहिनी, लोक उठायला लागले!"

"उठू देत. वेणी होईपर्यंत पडदा उघडायचा नाय."

पडदा उघडला तेव्हा रोशनीच्या दोन्ही वेण्या चापूनचोपून बसल्या होत्या. ओवीच्या जोकांना लोक खळखळून हसले. "ही कुठे आजारी?" असंही कुणी मागून बोललं. मग ओवी घरी आली, एक मोजा काढला, तो हातात घेऊन बसली आणि बसूनच राहिली. हसणं हळूहळू विरलं. कुणाचं तरी पोर "पुढे काय?" म्हणालं, त्याला आईने दाबलं. शेवटी ओवीने अर्धी पोळी खाल्ली, उरलेली झाकून ठेवली, "शाळेचं उद्या बघू" म्हणाली आणि पडदा पडला. टाळ्या उशिरा आल्या, त्याही चाचरत. पार्किंगच्या खांबापाशी दिपिका सगळा वेळ उभी होती. पडदा पडला तरी ती हलली नाही. मग गर्दीतून वाट काढत आत्याजवळ गेली आणि तिच्या हातातली फणी आपल्याकडे घेतली.

तेवढ्यात कल्पेश तणतणत आला. "वहिनी, साक्षात बाप्पासमोर! एवढी मोठी मूर्ती, आणि त्याच्यासमोर पोरगी बरी होऊ नये? बाप्पाला काय वाटेल?"

वहिनी म्हणाल्या, "कल्पेशभाऊ, बाप्पा पावना म्हनून आलाय. त्याला मोदक खाऊ द्या. तुमी त्याला डॉक्टरच्या ड्युटीला लावू नका."