मुकद्दम बदलणारे रफिक सर

रफिक सर ऑटोत बसायच्या आधी ड्रायव्हरला विचारायचे, "तुले चक्कर आली, त गाडी कोन सांभाळंन?" घाटंजीच्या स्टँडवरचे सगळे ऑटोवाले त्यांना ओळखत. कुणी हसून म्हणे, "तुम्हीच सांभाळा, सर." मग सर खरोखर पुढे जाऊन बसत आणि ब्रेक कुठे आहे ते पाहून ठेवत. माझ्या लग्नात तर त्यांनी भटजींनाच गाठलं होतं. "महाराज, तुमचा गळा बसला त मंगलाष्टकं कोन म्हनंन?"

एवढा भित्रा माणूस मी दुसरा पाहिला नाही. गावात त्यांचं घर माझ्या घराला लागून. नोकरी घाटंजीच्या एका तंत्रशाळेत, इलेक्ट्रॉनिक्स शिकवायची. कुत्रं भुंकलं तरी हा माणूस फाटकाआड. "मले भेव लागते, भाऊ," असं ते चारचौघांत सांगत आणि त्याची त्यांना काडीची लाज वाटत नसे.

मग नाल्यापलीकडच्या जंगलात वाघ आला आणि सगळं गावच रफिक सर झालं. शेजारच्या गावची एक बाई कापसातून घरी परतली नाही. कापूस फुटून उभा, आणि वेचायला कोणी धजेना. नाल्याकडे मोबाइलला रेंज नाही, हाक मारली तर ऐकायला कोणी नाही. तेव्हा सरांनी डब्या बनवल्या. बांधाबांधावर खांब, खांबावर डबी, डबीवर सोलरची प्लेट. मोठं जनावर जवळ आलं की डबी शेजारच्या डबीला कळवायची, ती पुढच्या डबीला. त्यातली एक सगळ्यांचं ऐकून ग्रामपंचायतीवरचा भोंगा वाजवायची. तिला आम्ही मुकद्दम म्हणायचो, म्हणजे सगळ्यांची म्होरकी.

"पन मुकद्दम पक्का नाही," सर सांगत. "जिची ब्याटरी भरली हाय, जिले सगळ्यायचं बरोबर ऐकू येते, थे मुकद्दम. थे थकली का बाकीच्या आपसात बोलून दुसरी ठरवतात. आपल्याले विचारत नाही."

नेमकं हेच गावाला पटलं नाही. पोळ्याच्या तोरणाखालून पहिली जोडी ज्यांची जाते, त्या नानाजींनी सरांना घरी बोलावलं. "मुकद्दम रोज बदलते म्हंजे काय, मास्तर? मान म्हनून काई असते का नाही? थो आमच्याच वावरात राहीन." सरांनी मान हलवली आणि नानाजींच्या वावरातली डबी कायमची मुकद्दम करून बाकीच्यांना तिच्याशी बांधून टाकलं. घरी येऊन मला म्हणाले, "वाघाचं भेव दूर हाय भाऊ, नानाजीचं जवळ."

दसरा आला. ट्रॅक्टर, फवारणीचा पंप, विळे, मोटारसायकली, सगळ्यांची पूजा झाली. मुकद्दमाची तर खासच. नानाजींच्या सुनांनी डबीला कुंकू लावलं आणि झेंडूचा जाडजूड हार वरून घातला. तो बसला बरोबर सोलरच्या प्लेटवर. आम्ही सगळ्यांनी हात जोडले. सरांनीही लांबून जोडले.

दसऱ्यानंतरच्या एका दुपारी मी सरांच्या ओट्यावर चहा पीत होतो. माझी बायको सुनंदा बायांना घेऊन नाल्याजवळच्या आमच्या वावरात कापूस वेचायला गेली होती. मी सहज म्हणालो, "दोन दिवसांपासून भोंगा नाही वाजला. बरं हाय." सरांनी डब्यांची खबर दाखवणारं खिशातलं यंत्र काढलं, पाहिलं आणि कप खाली ठेवला. त्यांचा चेहरा उतरला.

"वाघ नाही म्हनून शांत नाही, भाऊ. मुकद्दम बंद पडला हाय."

"मंग बाकीच्या डब्या?"

"त्यायले मी बांधून ठेवलं ना. थ्या पाहून राह्यल्या. पन सांगतीन कोनाले?"

डब्या मोकळ्या करायचं यंत्रावरचं बटण जवळूनच चालायचं, म्हणजे नाल्याजवळच जावं लागणार होतं. मी म्हणालो, "यंत्र मले द्या, बटन दाखवा." सर म्हणाले, "तुले नाही जमलं, त मागून कोन?" आणि माझ्या गाडीवर मागे बसले. सगळा रस्ता त्यांची बोटं माझ्या खांद्यात रुतत होती.

बांधावर पोहोचलो तेव्हा बाया वाकून वेचत होत्या. सुनंदा सगळ्यांच्या पुढे, तुरीला लागून. तूर माणसाच्या डोक्यावर गेलेली. सरांनी बटण दाबलं. क्षणभर काही नाही. मग तुरीच्या कडेच्या खांबावर हिरवा दिवा लागला. डब्यांनी नवा मुकद्दम ठरवला होता. आणि लगेच गावाकडून भोंगा ऐकू आला.

"आत्ताच वाजला," सर पुटपुटले, "म्हंजे आत्ता हाय. तुरीत."

वारा अजिबात नव्हता, तरी तुरीचे शेंडे एका रेषेत हलत होते. मी सुनंदाला हाक मारायला तोंड उघडलं, पण त्याआधी सरच ओरडले, "वाकू नका. सगळ्या जवळजवळ व्हा. पळू नका, तोंड तुरीकडं ठेवा, अन् मागं मागं या." बाया एकमेकींचे हात धरून मागे सरकू लागल्या. तेवढ्यात शेंडे हलायचे थांबले. ते थांबणं मी आजही स्वप्नात पाहतो.

सगळ्या रस्त्याला लागल्या. सुनंदाच्या कमरेच्या ओटीत कापूस तसाच होता, तिला तो टाकायचंही सुचलं नव्हतं. सर मात्र बांधावरच उभे. मी परत जाऊन त्यांना हाताला धरून आणलं. पुढे लोक त्यांच्या धाडसाचं कौतुक करू लागले की ते म्हणत, "धाडस कायचं? पळनारच होतो मी. पाय उचलले नाही."

हार नानाजींनी स्वतःच्या हाताने काढला. "होऊ द्या ज्याले व्हायचं थ्याले मुकद्दम," एवढंच म्हणाले.

यंदाच्या उन्हाळ्यात रफिक सर छातीच्या दुखण्याने गेले. कब्रस्तान नाल्याच्या वाटेवर आहे. जनाजा तिथपर्यंत पोहोचला आणि भोंगा वाजला. सगळे जागच्या जागी थिजले. कोणी पळालं नाही. लोक जनाज्याला आणखी चिकटले, नजर झाडीकडे ठेवून चालू लागले. एकाचा खांदा दुखला की दुसरा न सांगता पुढे येई. मी खांदा दिला आणि माझ्यानंतर कोण, या धास्तीने मी मागे वळून पाहिलं. नानाजी टोपी सारखी करून खांदा पुढे करत होते.