दाजींच्या नऊ दिवस आधी

मी सांगलीत, विश्रामबागेतल्या एका कॉलेजात फिजिक्स शिकवतो. भानामती, करणी... असलं कुणी बोलायला लागलं की माझं डोकंच फिरायचं. त्यामुळं हे लिहिताना लाज वाटतेय, पण भीती त्याहून मोठी आहे.

माझे दाजी, म्हणजे आमच्या अक्काचे मालक, कुंडलचे. ऑर्केस्ट्रात गातात. वर्ल्ड कपच्या वेळी मीच त्यांना ब्राझीलच्या एका लोकप्रिय गायकाचा व्हिडिओ पाठवला. पागोजी म्हणतात त्या गाण्याला — डफ, छोटी गिटार आणि सगळा प्रेमाचा रडका मामला! दाजी खुळावलेच. त्याच्या चालींवर मराठी शब्द बसवले आणि हळदीच्या कार्यक्रमांत दाजींचं लय नाव झालं.

दुसऱ्याची चीज गाताना आपल्याकडं कानाच्या पाळीला हात लावून त्याचं नाव घेतात. पेटीवाले चाचा म्हणालेही, "नाव तरी घे रं त्याचं."

दाजी हसले. "चाचा, त्यो सात समुद्रापल्याड. त्याला काय सपान पडतंय व्हय?"

चाल माझीच, असं स्टेजवर सांगत राहिले.

मग त्या गायकानं त्याचा ग्रुप सोडला. नऊ दिवसांनी दाजींचं ऑर्केस्ट्रावाल्यांशी वाजलं, तेही बाहेर पडले. योगायोग, मी म्हणालो. मग तो गायक स्टेजवरून पडला, डावं मनगट मोडलं. नऊ दिवसांनी दाजी पडले... डावंच मनगट. पुढं त्याचा आवाज गेला. मी तारखा मांडून बसलो, चूक शोधायला. सापडली नाही. नवव्या दिवशी सकाळी चहा पिता पिता दाजींचा आवाज बसला, तो बसलाच. मग दाजींनी कान धरले, कुजबुजत का होईना त्याचं नाव घेतलं, नारळ फोडला — काही उपयोग नाही.

हे नऊ दिवसांचं मी मूर्खासारखं अक्काजवळ बोलून बसलो. आता ती रोज सकाळी फोन करते.

"त्यो गडी कसा हाय रं?"

"झ्याक हाय अक्का. नवीन गाणं काढतोय."

खोटं सांगतो मी. मागच्या आठवड्यात तो वारला. झोपेतच, हार्ट ॲटॅकनं.

काल दाजींना कारण न सांगता सांगलीला आणलं, ईसीजी काढला. नॉर्मल. डॉक्टर म्हणाले, "घोड्यासारखी तब्येत आहे, उगाच काय घाबरवता माणसाला?" दाजी खूश होऊन घरी गेले.

मला याचा अर्थ लागत नाही. तुमच्यापैकी कुणाला लागत असेल तर हात जोडतो, आजच सांगा. उद्या नववा दिवस आहे.